दळण आणि पिष्टपेषण : ऑनलाइन भूमिकाखेळांतील पुनरावृत्तीविषयी

१

एकच कृती वारंवार केल्याने तिचे मूल्य वाढते की क्षीण होते, हा प्रश्न साहित्यविचाराला नवा नाही. आपल्या काव्यशास्त्राने पुनरुक्तीची गणना दोषांत केली. आणि त्याच परंपरेत पालुपद, नामजप, पारायण या आवर्तनांना रसाचे वा चित्तशुद्धीचे साधनही मानले गेले. निष्फळ पुनरावृत्तीसाठी शास्त्रकारांनी ‘पिष्टपेषण’ असा एक नेमका शब्द दिला आहे. पिष्ट म्हणजे पीठ. दळलेलेच पुन्हा दळणे म्हणजे पिष्टपेषण. या शब्दात गृहीत धरलेला एक भेद सहसा आपल्या लक्षात येत नाही. दळणे ही क्रियाच मुळी पुनरावृत्तीची आहे. जाते एकदा फिरवून पीठ पडत नाही. तेव्हा दोष फेऱ्यांच्या संख्येत नसतो. जात्याच्या तोंडात धान्य घातले आहे की पीठ, यावर तो ठरतो. हा भेद साहित्यसमीक्षेच्या कक्षेत सहसा न येणाऱ्या एका व्यवहाराला लावून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तो व्यवहार असा. संगणकाच्या जाळ्यावर हजारो लोक एकाच वेळी ज्यात वावरतात अशा काल्पनिक जगांचे भूमिकाखेळ आज सर्वत्र खेळले जातात. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी रचलेल्या, केवळ शब्दांवर चालणाऱ्या ‘मड’ या खेळापासून ही परंपरा सुरू होते. ‘अल्टिमा ऑनलाइन’ (१९९७), कोरियातील ‘लिनिएज’ (१९९८), ‘एव्हरक्वेस्ट’ (१९९९) आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) हे तिचे पुढचे टप्पे होत. यांपैकी बहुतेक खेळांत खेळाडूचे पात्र पहिल्या पातळीवर जन्मते आणि शत्रू मारून अनुभवांक मिळवीत वरच्या पातळ्या चढत जाते. पातळी चढावी तसे पुढच्या पातळीसाठी लागणारे अंकही वाढतात. परिणामी खेळाडूला एकाच जागी तेच रानडुक्कर, तोच लांडगा, तोच सांगाडा शेकडो वेळा मारावा लागतो. मारलेला प्राणी ठरावीक वेळाने त्याच जागी पुन्हा उभा राहतो. ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये तर पात्र मेले की मिळविलेल्या अंकांतून काही वजा होत, आणि प्रसंगी पातळीही उतरत असे. काही विशिष्ट पातळ्यांवर आवश्यक अंकांची मागणी अवचित इतकी वाढे, की खेळाडूंनी त्यांना नरकाच्या पातळ्या असे नावच दिले होते.

या कामाला इंग्रजीत ‘ग्राइंडिंग’ म्हणतात. कोरियन भाषेत त्याच कामासाठी ‘नोगादा’ हा शब्द रूढ आहे. बांधकामावरील अंगमेहनतीच्या मजुराला उद्देशून वापरल्या जाणाऱ्या जपानी शब्दापासून तो आला. एका भाषेने जाते पाहिले, दुसरीने मजूर पाहिला. क्रीडेचा निर्देश दोहोंतही नाही. मराठीत ‘तेच ते दळण’ हा वाक्प्रचार आपल्यापाशी तयार आहे, म्हणून पुढील विवेचनात ‘दळण’ हाच शब्द योजला आहे.

प्रश्न नैतिक आहे. दिवसभर नोकरी करून आलेली, सज्ञान, स्वतंत्र व्यक्ती दरमहा शुल्क भरून रात्री पुन्हा एक नीरस, मोजणीबद्ध काम पत्करते. निक यी या अभ्यासकाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा खेळांना खेळाडू आठवड्याचे सरासरी वीसहून अधिक तास देतात असे दाखवून, येथे श्रम आणि क्रीडा यांच्यातील सीमारेषाच पुसट होते असे मत मांडले होते. या तासांचे काय समजावे? हे आयुष्याचे अपव्ययी पिष्टपेषण आहे, की यातून खरोखर काही पीठ पडते?

२

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. पहिले अडोर्नो आणि हॉर्कहायमर यांच्या संस्कृति-उद्योगाच्या मीमांसेतून निघते. भांडवली व्यवस्थेत करमणूक ही श्रमाचीच लांबवलेली सावली असते. यंत्रापाशी थकलेला मनुष्य विसाव्यासाठी ज्याकडे वळतो, त्यालाही यंत्राचीच लय असते. दळण हे या मताचे जणू शब्दशः उदाहरण होय. दुसरे उत्तर हायझिंगापासून (‘होमो लुडेन्स’, १९३८) निघून बर्नार्ड सूट्सपर्यंत (‘द ग्रासहॉपर’, १९७८) येते. सूट्सच्या मते अनावश्यक अडथळे स्वेच्छेने ओलांडू पाहणे हेच खेळाचे स्वरूप आहे. चेंडू हाताने उचलून जाळ्यात ठेवणे सोपे असताना आपण तो पायानेच ढकलतो, आणि तरीही कोणी आपल्याला वेडे म्हणत नाही. मग रानडुकरे मारण्यातच कोणते वेड आहे?

दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण दळणाच्या व्यवच्छेदक लक्षणाला दोन्ही पुरेशी भिडत नाहीत. सूट्सच्या खेळातील अडथळ्याला कौशल्याने भिडावे लागते. दळणातील अडथळा जवळजवळ निव्वळ काळाचा असतो. शंभरावे डुक्कर मारण्यास पहिल्याहून अधिक बुद्धी लागत नाही. किंबहुना कमीच लागते. इथे स्वेच्छेने पत्करलेली गोष्ट म्हणजे केवळ कालक्षेप.

अडोर्नोच्या उत्तरातील उणीव समजून घेण्यास वाल्टर बेंजामिनचे एक निरीक्षण उपयोगी पडते. बोदलेअरवरील आपल्या निबंधात त्याने यंत्रावरचा कामगार आणि जुगारी यांची तुलना केली आहे. यंत्रावरच्या कामगाराची प्रत्येक हालचाल आधीच्या हालचालीपासून तुटलेली असते, आणि जुगाऱ्याचा प्रत्येक डावही तसाच मागच्या डावाची स्मृती नसलेला असतो. म्हणून दोघांच्याही वाट्याला अनुभव साचत नाही. त्यांचा काळ रिकामा असतो. आता दळणाकडे पाहावे. हालचाल यंत्रावरच्या कामगाराची आहे, पण फळाची रचना नेमकी उलट आहे. इथे एकही घाव वाया जात नाही; प्रत्येकाची नोंद होते आणि पडद्याच्या तळाशी असलेली पट्टी तेवढी पुढे सरकते. ज्याला ‘अनुभव’ हे नाव आहे, ते इथे अक्षरशः साचते. कामगाराच्या काळात जे नाही, त्याचाच संचय खेळाडूला दिसत राहतो.

मीमांसा दर्शनात यासदृश एक संकल्पना आहे. यज्ञकर्म तर त्याच क्षणी संपते. फळ मात्र कालांतराने मिळते. मधल्या काळात कर्म आणि फळ यांना जोडणारे काय? मीमांसकांनी त्यासाठी ‘अपूर्व’ नावाची एक अदृश्य शक्ती मानली. अनुभवांक म्हणजे दृश्य आणि मोजता येणारे अपूर्व होय. केलेले कर्म वाया जाणार नाही, अमुक इतके केले की तमुक फळ निश्चित, ही हमी ज्या जगात श्रद्धेने मानावी लागते, तिथे हा खेळ ती आकड्यांत दाखवितो.

दळणाच्या आकर्षणाचे मूळ मला येथे दिसते. बाहेरच्या जगात कष्ट आणि फळ यांचे नाते अनिश्चित असते. वशिला, जन्म, बाजार, दैव यांपैकी काहीही मध्ये येते. वीस वर्षे इमानाने राबलेला माणूस एका सकाळी कामावरून कमी होतो. अशा जगातून आलेल्या माणसाला जिथे प्रत्येक घावाचा हिशेब चोख ठेवला जातो असे ठिकाण प्रिय वाटले, तर त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? तो जे शोधतो त्याला न्याय हेच नाव आहे. अडोर्नोला तिथे श्रमाची सावली दिसते. ती सावली आहे हे खरेच, पण श्रमाने आपल्याला जे वचन दिले आणि पाळले नाही, त्या वचनाचीही ती सावली आहे.

३

हा न्याय कितपत खरा आहे, हे तपासण्यासाठी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील दोन प्रसंग पाहू.

पहिला प्रसंग खेळ प्रसिद्ध होण्यापूर्वीच्या चाचणीचा आहे. खेळाडूंनी सतत दळत बसू नये म्हणून निर्मात्यांनी नियम केला, की काही काळ खेळल्यानंतर प्रत्येक शत्रूमागे मिळणारे अंक निम्मे व्हावेत. खेळाडू संतापले, ही त्यांना शिक्षा वाटली. निर्मात्यांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी, की त्यांनी गणित तसेच ठेवून केवळ नावे बदलली. पूर्वीचा पूर्ण मोबदला हा आता विश्रांती घेतलेल्या पात्राला मिळणारा दुप्पट मोबदला ठरला, आणि पूर्वीचा निम्मा मोबदला हा नेहमीचा. तक्रार थांबली. पीठ तेवढेच पडत होते; शिक्षा आणि बक्षीस यांतील अंतर केवळ नामकरणाचे होते. भाषाव्यवहाराच्या अभ्यासकांना या घटनेत नवल वाटू नये. परंतु आपण ज्याला चोख हिशेब म्हटले तो हिशेब वाचणारी दृष्टीही हिशेब ठेवणाराच घडवितो, ही गोष्ट यातून निश्चित होते.

दुसरा प्रसंग २०१४ सालचा. त्या वर्षी कंपनीने पात्र थेट ९०व्या पातळीवर नेण्याची सोय ६० डॉलरना विक्रीस ठेवली. किंमत एवढी का, या प्रश्नावर खेळाच्या एका प्रमुख आरेखकाने दिलेले उत्तर विचार करण्याजोगे आहे : पातळी चढून जाण्याच्या कामगिरीचे अवमूल्यन होऊ नये म्हणून. म्हणजे जे दळण टाळण्यासाठी लोक पैसे मोजण्यास तयार आहेत, त्याच दळणाची प्रतिष्ठा राखण्यासाठी ते पैसे अधिक असावे लागतात. हा वरवर दिसणारा विरोधाभास चिन्हमीमांसेच्या भाषेत उलगडतो. पर्सने चिन्हांचे जे प्रकार सांगितले त्यांपैकी निर्देशक चिन्हाचा आपल्या अर्थाशी कार्यकारणाचा संबंध असतो. धूर हे अग्नीचे निर्देशक. कष्टाने मिळविलेली पातळी हे काळाचे निर्देशक चिन्ह होते : ज्याअर्थी हा ९०वर आहे, त्याअर्थी याने इतके दिवस घालविले. विकत घेतलेली पातळी हा अग्नीवाचूनचा धूर होय. ज्यांनी स्वतः दळले, त्यांना दुसऱ्याने पैसे मोजल्याने प्रत्यक्ष तोटा काहीच होत नाही, तरी फसवणूक झाल्यासारखे वाटते. कारण त्यांच्या चिन्हाची साक्ष यापुढे कोणी मानणार नाही.

यंत्राकडून दळून घेणाऱ्यांची गोष्टही अशीच आहे. ‘ग्लायडर’ नावाची एक आज्ञावली खेळाडू झोपलेला असताना त्याच्या पात्राकडून शत्रू मारवून घेई. तिच्या एक लाखाच्या आसपास प्रती विकल्या गेल्या, खटला चालला, आणि २०१० साली अमेरिकेतील नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने त्यावर निकाल दिला. कायद्याचा मुद्दा प्रताधिकाराचा आणि सुरक्षायंत्रणा चुकविण्याचा होता. नैतिक मुद्दा त्याहून जुना आहे. दळण हे निव्वळ साधन असेल, तर ते यंत्रावर सोपविणे हा शहाणपणा आहे. त्याला लबाडी म्हणताच आपण मान्य करतो, की साधनातच काही मूल्य आहे. आणि हेच खेळाडू दळण कंटाळवाणे आहे असेही म्हणत असतात. १९९९च्या ‘एव्हरक्वेस्ट’ची थट्टा करणारा ‘प्रोग्रेस क्वेस्ट’ हा २००२ सालचा खेळ या विसंगतीवर नेमके बोट ठेवतो. त्यात पात्र निर्माण केले की खेळाडूने काहीच करावयाचे नसते. शत्रू मरत राहतात, पट्ट्या भरत राहतात, पातळ्या चढत राहतात. हे विडंबन लोकांनी केवळ हसून सोडले नाही. अनेकांनी ते चालू ठेवले आणि आपले पात्र कितव्या पातळीवर गेले ते पाहत राहिले.

४

येथे कथनमीमांसेचा एक भेद साहाय्यक ठरतो. जेरार्ड जेनेतने १९७२ साली कथनातील वारंवारतेचा विचार करताना ‘आवर्ती’ कथन हा प्रकार वेगळा काढला : जे अनेकदा घडले ते एकदाच सांगणे. ‘ती रोज पहाटे दळायला बसे’ हे एक वाक्य चाळीस वर्षे पोटात घेते. कथनकलेची ही मोठीच काटकसर आहे. तिच्यावाचून कादंबरी उभी राहू शकणार नाही. पण या काटकसरीला एक नैतिक बाजू आहे, ती आपण क्वचितच पाहतो. काटकसर निवेदकाची आणि वाचकाची होते. जिने दळले तिला ती चाळीस वर्षे एकेक फेरी करूनच काढावी लागली.

दळणाचा खेळ हे आवर्ती वाक्य नाकारतो. ‘मग त्याने पुष्कळ लांडगे मारले’ असे म्हणून पुढच्या प्रकरणाकडे जाण्याची मुभा तो देत नाही. पुष्कळ म्हणजे किती हे मोजून, एकेक करून घेतो. या दृष्टीने पाहता, ६० डॉलर देणारा ग्राहक वस्तुतः एक आवर्ती वाक्यच विकत घेतो. त्याला निवेदकाची सवलत हवी असते. दळणारा त्या सवलतीवाचून राहतो, आणि त्यामुळेच त्याच्या काळाची कथा होऊ शकत नाही. रात्री काय केलेस या प्रश्नाला त्याच्यापाशी एका वाक्यापलीकडे उत्तर नसते. कथेत न मावणारा हा काळ म्हणजे आयुष्याचा निखळ तोटा, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो.

परंतु त्या काळात आणखीही काही घडत असते. ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये मंत्रविद्या वापरणाऱ्या पात्राला प्रत्येक लढाईनंतर शक्ती भरून येईपर्यंत बसून राहावे लागे; आरंभीच्या पातळ्यांवर तर मंत्रपुस्तक पडद्यावर उघडे ठेवावे लागे, आणि भोवतालचे जग त्याने झाकून जाई. हात रिकामे, डोळ्यांसमोर पुस्तकाचे पान, आणि सोबतीला त्याच जागी थांबलेली पाचसहा अनोळखी माणसे. अशा वेळी माणसे बोलू लागतात. त्या वेळच्या खेळाडूंच्या आठवणींत लढायांहून या गप्पाच अधिक भेटतात. पुढे २००९ सालच्या डिसेंबरात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने सहकारी जमविण्याचे काम यंत्राकडे सोपविले, ताटकळणे संपले, आणि कोणी कोणाशी बोलत नाही अशी तक्रार सुरू झाली. २०१९ साली कंपनीने खेळाची जुनी, संथ आणि कष्टाची आवृत्ती पुन्हा उपलब्ध केली, तेव्हा लोक तिच्याकडे मोठ्या संख्येने परतले.

जात्यावरच्या ओव्यांशी परिचय असलेल्या वाचकाला येथे ओळखीची खूण पटेल. ज्या काळाला कथा नव्हती त्याच काळात ओवी जन्मली. हात गुंतलेले आणि मन मोकळे, अशी ती अवस्था. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जमविलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. दळणाने ओवी दिली असे मात्र म्हणता येणार नाही. ती दळणाऱ्या बाईने स्वतःच्या दुःखातून आणि मायेतून दिली, जात्याने केवळ लय पुरविली. पिठाची गिरणी आली आणि ओवी विरत गेली, म्हणून कोणी जाते परत आणा म्हणेल, तर ज्या बाईला पहाटे तीनला उठावे लागत होते ती त्याला हसेल. २०१९ साली जुन्या खेळाकडे परतलेल्यांच्या ओढीत हा धोका आहे. पुनरावृत्तीच्या पोटात जे फुलले त्याचे श्रेय पुनरावृत्तीला देणे ही कार्यकारणाची चूक आहे, आणि ती बहुधा ज्यांना दळावे लागत नाही त्यांच्याकडून होते.

५

ज्यांना दळावे लागते, असे लोक या खेळांतही आहेत. २००७ साली ज्युलियन डिबेल यांनी चीनमधील ज्या कार्यशाळांचे वर्णन प्रसिद्ध केले, तिथे तरुण कामगार बारा बारा तासांच्या पाळीत हाच खेळ खेळून खेळातले सोने जमवीत, आणि ते सोने पुढे पाश्चात्त्य खेळाडूंना खऱ्या पैशांत विकले जाई. २०११ साली ‘द गार्डियन’ने एका माजी कैद्याची टोपणनावाने सांगितलेली कैफियत छापली, ईशान्य चीनमधील श्रमछावणीत दिवसा अंगमेहनत करून रात्री कैद्यांना असे सोने खणावे लागे, आणि ठरलेला वाटा पुरा न करणाऱ्याला मार बसे, असे त्याने सांगितले होते. २०१७च्या सुमारास व्हेनेझुएलात चलन कोसळले असताना अनेक जण ‘रुनस्केप’ या खेळात हिरवे ड्रॅगन मारून पोट भरीत होते. त्यांच्यामुळे आपला खेळ बिघडतो, या रागाने त्यांना हेरून मारावे कसे याच्या सूचनाही काही खेळाडूंनी लिहून प्रसृत केल्या.

या तीन उदाहरणांनी आपल्या प्रश्नाचे स्वरूप पालटते. कृती तीच, पडदा तोच, शत्रू तोच. एकासाठी ती संध्याकाळची करमणूक, दुसऱ्यासाठी भाकरी, तिसऱ्यासाठी शिक्षा. तेव्हा दळणाचा नैतिक अर्थ कृतीच्या अंतरंगात, तिच्या नीरसतेत वा लयीत शोधणे व्यर्थ आहे. तो दोन बाह्य प्रश्नांवर ठरतो. पहिला : खुंट्यावरचा हात काढून घेता येतो का? दुसरा : पीठ कोणाच्या घरी जाते?

स्वतंत्र खेळाडूबाबत पहिल्या प्रश्नाचे उत्तर वरकरणी होकारार्थी आहे. पण ते निर्भेळ नाही. संघातील सहकाऱ्यांना दिलेला शब्द, न आल्यास हुकणारे आजचे बक्षीस, आजवर घातलेल्या तासांचे ओझे, या सर्वांनी हात धरून ठेवलेला असतो, आणि ही पकड योजनापूर्वक घडविलेली असते. चिनी शासनाने २००७ साली अज्ञान मुलांसाठी तीन तासांनंतर मोबदला निम्मा आणि पाच तासांनंतर शून्य करण्याचा नियम केला. २०२१ साली तर त्यांना आठवड्याला सर्वसाधारणतः तीनच तास मोकळे ठेवले. हात काढणे इतके सहज असते, तर तो काढून घेण्यासाठी राज्यसंस्थेला पुढे यावे लागले नसते. अर्थात राज्यसंस्थेने काढलेला हात हाही मोकळा हात नव्हेच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक कठोर आहे. जानेवारी २००७मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची सर्वोच्च पातळी ६०वरून ७० झाली. महिनोन् महिने झटून मिळविलेली दुर्मीळ आयुधे नव्या प्रदेशातील किरकोळ कामांच्या बक्षिसांपुढे पाहता पाहता फिकी पडली. हे पुढेही प्रत्येक विस्तारात होत राहिले. पडलेले पीठ उचलून पुन्हा जात्याच्या तोंडात घालण्याची ही व्यवस्था आहे. पिष्टपेषण या शब्दाचा इतका काटेकोर दृष्टान्त शास्त्रकारांनाही सापडला नसता. आणि जाते तरी कोणाचे? ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ डिसेंबर २०११मध्ये बंद झाला, ‘सिटी ऑफ हीरोज’ नोव्हेंबर २०१२मध्ये. त्यांच्यातील साऱ्या पातळ्या, सारा ‘अनुभव’ एका निर्णयाने नाहीसा झाला. ज्या अपूर्वाच्या हमीवर खेळाडूने विश्वास ठेवला, ती हमी देणारा तिला अनंतकाळ बांधलेला नव्हता. वर ज्याला मी न्याय म्हटले तो न्याय खरा, पण तो दुसऱ्याच्या मालकीच्या न्यायालयातला आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. हॅना आरेंटने ‘द ह्यूमन कंडिशन’मध्ये (१९५८) दाखविले आहे, की स्वयंपाक, धुणे, झाडणे यांसारखे जीवनधारणेचे श्रम मागे टिकाऊ असे काही ठेवीत नाहीत, उद्या ते पुन्हा करावेच लागतात. मग पीठ टिकत नाही म्हणून दळणाला दोष द्यावा, तर मानवी श्रमाचा मोठा भाग, विशेषतः स्त्रियांच्या वाट्याला आलेला, पिष्टपेषण ठरेल. आक्षेप योग्य आहे, आणि त्यामुळेच ‘टिकणे’ ही कसोटी मी लावलेली नाही. जात्यातले पीठ संध्याकाळपर्यंत संपतेच. पण ते कोणीतरी खाल्लेले असते. कसोटी उपभोगाची आहे : फिरविलेल्या जात्यातून कोणाच्या तरी जगण्यात काही उतरले का? चीनमधील कामगारांपैकी काही जण पाळी संपल्यावर इंटरनेट कॅफेत जाऊन स्वतःच्या पात्राने तोच खेळ खेळत, अशी डिबेल यांची नोंद आहे. ही नोंद अनेकांना परात्मतेची परिसीमा वाटेल. मला ती निराळी दिसते. बारा तास त्यांचे पीठ दुसऱ्याच्या घरी गेले होते. त्यानंतरचा एक तास ते स्वतःसाठी दळत होते. तीच कृती पुन्हा करूनच त्यांना हा फरक जगता आला.

आणखी एक उदाहरण नोंदवितो. २०१२ साली खेळात आलेल्या पांडाजमातीची पात्रे एका महाकाय कासवाच्या पाठीवरील बेटावर जन्मतात. काही पातळ्यांनंतर त्यांनी दोन लढणाऱ्या पक्षांपैकी एक निवडून ते बेट सोडावे, अशी अपेक्षा असते. एका खेळाडूने पक्ष निवडलाच नाही. युद्धही केले नाही. तो त्या बेटावर वनस्पती तोडीत आणि खनिज काढीत राहिला. या कामाचे अल्पस्वल्प अंक मिळत, त्यांवर वर्षे घालवून त्याने त्या वेळची सर्वोच्च पातळी गाठली. त्याच्यासारखे दळण कोणी दळले नसेल. तरी त्याला पिष्टपेषण म्हणवत नाही. खेळाने पुढे केलेली फळे त्याने नाकारली, आणि खेळाने न सांगितलेले एक व्रत त्याच पुनरावृत्तीतून घडविले. सिसिफसला काम्यूने सुखी मानावयास सांगितले, पण त्याचा धोंडा देवांनी दिलेला होता. याने धोंडा स्वतः निवडला, आणि वर पोहोचण्यापेक्षा उताराच्या कडेची फुले वेचणे पसंत केले.

६

तेव्हा दळण निंद्य की वंद्य, असा प्रश्न विचारणे योग्य नाही. नीरसता हा आरोप नव्हे, आणि स्वेच्छा हा संपूर्ण बचावही नव्हे. पुनरावृत्तीत साचलेला काळ माणसाच्या स्वतःच्या वा सोबत्याच्या जगण्यात उतरत असेल आणि हात काढून घेण्याचे स्वातंत्र्य शिल्लक असेल, तर ते दळण होय. जात्याचा मालक पीठच पुन्हा तोंडात घालीत असेल, आणि आपण आकडा सरकताना पाहून त्यालाच पीठ समजत असू, तर ते पिष्टपेषण होय.

ही कसोटी केवळ खेळणाऱ्यांना लावून आपण मोकळे होऊ शकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकांची जी पद्धत लागू केली, तिच्यात प्रत्येक निबंधाला, प्रत्येक चर्चासत्राला अंक होते, आणि ठरावीक अंक भरल्यावर वरची पातळी मिळे. त्या काळात आपल्यापैकी अनेकांनी एकच निबंध तीन नावांनी वाचला. तिथेही अनुभवाला अंक हे नाव पडले होते, आणि अंक भरणे म्हणजेच विचार करणे, असा समज हळूहळू रुजत गेला. समीक्षेवर पिष्टपेषणाचा आरोप नेहमीच होतो. ज्ञानेश्वरी किंवा तुकारामाची गाथा शतकानुशतके पुन्हा पुन्हा वाचली गेली, तिचे पिष्टपेषण झाले नाही; कारण प्रत्येक पिढीने त्या जात्यात स्वतःचे धान्य घातले. रात्री एकटा रानडुकरे मारीत बसलेल्या माणसाकडे पाहताना आपण त्याच्या जात्यात काय आहे हे विचारतो. तो प्रश्न आपल्याही मेजावरच्या कागदांना विचारला पाहिजे.